दिवस मावळायच्या आत

सानिका कोरेच्या यादीतून चार वर्षांत एकही माणूस गळला नव्हता, आणि याचा तिला जरा जास्तच अभिमान होता. स्मृतिभ्रंश संशोधन केंद्रातल्या बाकीच्या मुली स्वयंसेवकांना फोन करून "काका, तुमची पुढची तपासणी गुरुवारी आहे" असं पोपटपंची केल्यासारखं सांगायच्या आणि फोन ठेवायच्या. सानिका आधी गुडघ्याची चौकशी करायची. मग नातवाला दात आला का, शेजाऱ्याने गटारीचं पाणी वळवलं की अजून भांडण चालूच आहे, हे सगळं तोंड भरून विचारायची आणि शेवटी जाता जाता तपासणीचं नाव काढायची. संक्रांतीला तर तिने केंद्रातच हळदीकुंकू ठेवलं होतं. मेंदूची चित्रं काढणारं ते अवाढव्य यंत्र आणि त्याच्या शेजारच्या खोलीत नटूनथटून तिळगूळ वाटणाऱ्या बायका, हे पाहून दिल्लीहून आलेले एक तज्ज्ञ चक्रावून गेले होते. पण जयसिंगपूरच्या केंद्रात माणसं टिकतात हे आकड्यांतच दिसत होतं, तेव्हा ते काही बोलले नाहीत. जाताना भडंगाचं पाकीट मात्र मागून घेऊन गेले.

माणसं टिकवणं हे काम वरवर किरकोळ वाटतं, पण सगळा अभ्यास त्याच्यावर उभा असतो. साठी ओलांडलेली धडधाकट माणसं निवडायची, वर्षानुवर्षं त्यांचं रक्त, स्मरणशक्ती, मेंदू तपासत राहायचं, आणि पुढे ज्यांना आजार होतो त्यांच्या शरीरात तो आधी कुठे दबा धरून बसला होता ते शोधायचं, असा हा अभ्यास होता. अडचण एवढीच की अशा अभ्यासातून मध्येच सोडून जाणारी माणसं उगाच जात नाहीत. ज्यांना विसरायला होऊ लागतं, तीच आधी जातात. आधी तारीख चुकते, मग चुकल्याची लाज वाटते, मग 'सध्या वेळ नाही' असा निरोप येतो. मागे उरतात ठणठणीत माणसं, आणि त्यांच्यावरून हिशेब मांडला की तो सगळाच फसवा निघतो.

म्हणून केंद्राने एक संगणक प्रणाली बसवली होती. तिचं खरं नाव लांबलचक होतं. सगळे तिला 'पंचांग' म्हणत. प्रत्येक स्वयंसेवकाबरोबर एक साथीदार लागायचा, बहुधा नवरा किंवा बायको, कारण विसरणाऱ्याला आपण काय विसरलो ते सांगता येत नाही. या दोघांशी दर आठवड्याला होणाऱ्या फोनवरच्या गप्पा पंचांग ऐकायचं. ते काय बोलतात याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. शब्दाआधी माणूस किती थबकतो, वस्तूचं नाव न घेता 'ते', 'अमकं' यांवर किती वेळा भागवतो, एकाचं वाक्य दुसरा किती वेळा पुरं करतो, एवढंच मोजून कोणतं घर लवकरच अभ्यास सोडणार ते सांगायचं. त्या घरावर लाल खूण यायची. पहिल्या वर्षी त्याने तालुक्यातल्या जवळजवळ सगळ्या आज्यांना लाल करून टाकलं. आज्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत, सगळा संसार 'हे' आणि 'ह्यांनी' यांवर चालतो. पंचांगाला वाटलं, बाईंना नवऱ्याचं नावच आठवत नाही! बायकांच्या या 'हे'कडे काणाडोळा करायला त्याला वेगळं शिकवावं लागलं.

पण अलीकडे जे उघड झालं होतं, त्यावर कुणी हसत नव्हतं. पंचांगाने लाल ठरवलेल्या घरांपैकी बहुतेक घरांत दोन-तीन वर्षांत आजार निघाला होता. कोण सोडून जाणार ते ओळखायला केलेलं यंत्र, कोण आजारी पडणार ते ओळखत होतं. नैतिकता समितीने लगेच फर्मान काढलं की ही खूण कुणालाही सांगायची नाही. यंत्र चुकूही शकतं, आणि माणसं अभ्यासाला आली आहेत, आपलं भविष्य ऐकायला नव्हे.

सोमवारी सकाळी सानिकाने संगणक उघडला तेव्हा नवव्या गल्लीतल्या मगदुमांचं घर लाल होतं.

तिचा विश्वासच बसेना. भूपाल मगदूम, म्हणजे अण्णा, एसटीच्या स्थानकात वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं त्यांनी गाड्या पुकारल्या होत्या, आणि अजूनही कुठली गाडी कधी सुटायची ते विचारलं तर धडाधड सांगायचे. ते अभ्यासात स्वतःहून चालत आले होते. त्यांच्या पत्नी पद्माक्का त्यांच्या साथीदार. सानिकाला आई नव्हती, आणि अक्कांनी तिला कधी रिकाम्या पोटी घराबाहेर पडू दिलं नव्हतं. तिने तपशील उघडला. अण्णांचा आवाज स्वच्छ होता. घर लाल झालं होतं ते दुसऱ्या आवाजामुळे.

"तो जुना 'हे'चा घोळ असणार," केंद्राचे प्रमुख डॉक्टर बेडकिहाळ म्हणाले.

"तो वगळूनच हिशेब होतो आता, सर."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग खरं असेल. पण अक्का आपल्या स्वयंसेवक नाहीत, साथीदार आहेत. त्यांना तपासायची आपल्याला परवानगी नाही, आणि काही सांगायची तर मुळीच नाही. पुढच्या फेरीपासून साथीदारांचीही तपासणी सुरू होतेय, तेव्हा बघू. तोवर तू ते घर टिकव. तुझा हातखंडा आहे त्यात."

"पुढच्या फेरीपर्यंत मिरजेची भरती बंद होईल."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांना लावला. मिरजेच्या एका इस्पितळात नव्या औषधाची चाचणी सुरू होत होती. या आजारात मेंदूत एका प्रथिनाची पुटं साचत जातात आणि त्यांच्याखाली पेशी मरतात. नवं औषध ती पुटं खरवडून काढत होतं. मेलेली पेशी मात्र ते जिवंत करू शकत नव्हतं, म्हणून आजाराच्या अगदी सुरुवातीलाच त्याचा उपयोग होता. भरती याच महिन्यात संपत होती. आणि तिथे जायचं तर इथलं नाव काढावं लागत होतं. दोन अभ्यासांत एक माणूस चालत नव्हता, साथीदार म्हणूनसुद्धा.

"सानिका," डॉक्टर हळूच म्हणाले, "फक्त टिकवायचं. सांगायचं नाही."

त्याच दिवशी संध्याकाळी ती नवव्या गल्लीत गेली. मगदूम जैन, सूर्यास्तानंतर त्यांच्या घरात कुणी अन्नाचा कण तोंडात घालत नसे. सानिका पोचली तेव्हा दोघांची जेवणं नुकतीच उरकली होती. मोरीत ताटं पडली होती आणि अण्णा सुपारी कातरत बसले होते.

"आलीस व्हय? बस," अक्का म्हणाल्या आणि भडंगाची वाटी तिच्या हातात देऊन समोर बसल्या. "आमच्या लेकीनं, दीपालीनं बेंगळुरूहून पाठवलंय बघ, ते... थंडीत अंगावर घेतात ते..."

"शाल," अण्णा मान वर न करता म्हणाले.

"शाल. लई मऊ हाय."

गप्पा रंगल्या. अक्कांनी शेजारच्या सुनेची नक्कल केली, तेव्हा सानिकाला हसून हसून ठसका लागला. यंत्राचंच चुकलं असेल, असं तिला वाटू लागलं, आणि तसं वाटल्याने फार बरं वाटलं. समोरच्या भिंतीवरचं ऊन वर सरकत सरकत छपराला टेकलं. अक्कांची नजर तिकडे गेली आणि त्या लगबगीने उठल्या.

"अगं बाई, दिवस मावळायला आला की! बोलता बोलता ध्यानातच न्हाई राहिलं. अहो, उठा, पान वाढते."

अण्णांनी एकदाच सानिकाकडे पाहिलं. मग अडकित्ता बाजूला ठेवला, मोरीत जाऊन हात धुतले आणि पाटावर येऊन बसले. अक्कांनी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, दोडक्याची भाजी आणि मुगाची आमटी वाढली. अण्णांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला.

"आमटी झकास झालीय," ते म्हणाले.

"तुम्हाला रोजच झकास लागती," अक्का हसून म्हणाल्या. "मला न्हाई बाई आज भूक."

सानिका त्या ताटाकडे बघत राहिली. गेल्या तपासणीत अण्णांचं वजन वाढलं म्हणून नर्सने त्यांना झापलं होतं. 'निवृत्तीचं सुख लागलंय अंगाला,' असं म्हणून ते हसले होते, आणि त्यांच्याबरोबर सानिकाही हसली होती. आता तिला स्वतःचाच राग आला. चार वर्षं या घरात येत होती, गुडघ्यापासून गटारीपर्यंत सगळं विचारत होती, आणि हे तिला दिसलं नव्हतं.

अण्णा तिला पोचवायला फाटकापर्यंत आले.

"कधीपासून चाललंय हे, अण्णा?"

"काय?"

"दुसरं जेवण."

अण्णांनी मागे वळून घराकडे पाहिलं. "रोज न्हाई. आठवड्यातनं एखाद्या वेळी," ते म्हणाले. "पहिल्यांदा मी सांगितलं हुतं तिला, आत्ताच जेवलोय की म्हणून. तिचा चेहरा कसा झाला, ते तू बघितलं न्हाईस. त्यापरीस पोटात दोन भाकरी जास्त गेल्या तर काय बिघडतंय?"



"आज तुला सांगणारच हुतो," अण्णा पुढे म्हणाले. "आम्ही अभ्यास सोडतोय. आता तिलाबी तपासणार म्हणं. मी कशाला आलो हुतो तुमच्यात, माहीत हाय? माझ्या डोक्याला काय धाड भरलीय! म्हटलं, शिकलेलं कुणीतरी घरात येत राहील, बघेल, आपणहून सांगेल. माझ्या तोंडानं बोलायला नको. आणि आता खरंच बघायची वेळ आली तर माझं काळीज धडधडायला लागलंय."

अशा वेळी काय बोलायचं ते सानिकाला पाठ होतं. फक्त एक फेरी करून बघा अण्णा, माझ्यासाठी करा, नाही पटलं तर मीच नाव काढते. एवढं म्हटलं असतं तर अण्णा राहिले असते. आजवर सगळेच राहिले होते. ती वाक्यं तिच्या ओठांवर आली, आणि मग तिला आतल्या घरातून भांड्यांचा आवाज ऐकू आला. अक्का एकट्याच गुणगुणत ताट घासत होत्या.

"सोडा," ती म्हणाली. "अण्णा, अभ्यास सोडाच तुम्ही. पण घरी बसू नका, मिरजेला जा."

आणि जे सांगायला बंदी होती ते सगळं तिने फाटकात उभं राहून सांगितलं. पंचांग काय म्हणतंय ते, ते चुकूही शकतं ते, नवं औषध काय करतं आणि काय करत नाही ते. अण्णा फाटक धरून ऐकत होते.

"तिथं काय करायला लागतंय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"अक्कांना सगळं समजावून त्यांची संमती घेतात. आणि साथीदार म्हणून तुमची मुलाखत होईल. तिथली पद्धत अशी आहे की पाठीमागे काही बोलायचं नाही. अक्का काय काय विसरतात ते तुम्हाला त्यांच्या समोर सांगावं लागेल."

अण्णांनी मान हलवली. "लग्नाला चाळीस वर्सं होऊन गेली, पोरी. चारचौघांत मी तिला कधी 'चुकलीस' म्हटलं न्हाई. ते मला जमायचं न्हाई." आणि फाटकाची कडी लावून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी सानिकाने डॉक्टरांना स्वतःच सगळं सांगितलं. लपवून ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"चार वर्षांत तुझ्याकडचं पहिलं घर चाललं, आणि तेही तूच घालवलंस!" डॉक्टर उसळून म्हणाले. "मला समितीला कळवावं लागेल, समजतंय ना? नोकरीवर येईल तुझ्या."

"कळवा, सर."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "भरती संपायच्या आत ते मिरजेला जातील का तरी?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजातला राग गेला होता.

पुढचे काही दिवस तिने नवव्या गल्लीत फोन केला नाही. तिला धीरच होईना. शेवटी अक्कांचाच फोन आला. हे सकाळी मंदिरात जातात, तेव्हा ये, असा निरोप होता.

अक्का पोत्यावर बसून तूर निवडत होत्या. त्यांनी सानिकाला शेजारी बसवलं आणि सूप दोघींच्या मध्ये ठेवलं.

"त्या दिवशी फाटकात काय बोलत हुता दोघं?"

"अक्का, ते..."

"मी दोनदा वाढते ते मला ठाऊक हाय," अक्का निवडता निवडता म्हणाल्या. "भाकरी मीच थापते न्हवं? सकाळी डबा उघडला की कळतंय, काल किती संपल्या ते. मी ह्यांना बोलले न्हाई. ह्यांना वाटतंय, मला कळत न्हाई. तेवढ्यावर त्यांच्या जिवाला बरं वाटतंय, तर वाटू दे."

ती दोघं एकाच घरात एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण दुसऱ्याला सांभाळतोय. सानिकाला रडू फुटलं. अक्कांनी तिला रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "आता सांग."

सानिकाने सांगितलं. काहीही गोड करून सांगितलं नाही. औषधाने मेंदूला सूज येऊ शकते हेही सांगितलं, आणि निम्म्या लोकांना खऱ्या औषधाऐवजी नुसतं पाणी टोचतात हेही. कुणाला काय मिळालं ते टोचणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

"आणि मला पाणीच आलं तर?"

"तर तुम्हाला फायदा होणार नाही, अक्का. पण तुमच्यामुळे औषध खरं आहे की नाही ते कळेल."

अक्कांनी तुरीतला एक खडा काढून बाजूला टाकला. "म्हंजे कुणीतरी पाणी घेतलं, तरच पुढच्या बायांना खरं मिळणार. मग माझ्या वाट्याला आलं तर आलं. मला भ्या वाटतंय बघ, खोटं कशाला बोलू? पण नुसतं बसून भ्यायचं त्यापरीस काहीतरी करत भ्यावं."

"पण अण्णा बोलणार नाहीत म्हणाले."

"ह्यांना मी आणते," अक्का म्हणाल्या.

भरतीच्या अखेरच्या दिवशी तिघं मिरजेच्या इस्पितळात बसली होती. अक्कांच्या चाचण्या आधीच्या फेऱ्यांत झाल्या होत्या. आजार होता, आणि औषधाला वाव राहावा इतका कोवळा होता. आता राहिली होती ती फक्त साथीदाराची मुलाखत. सानिका रजा काढून आली होती. तिच्या चौकशीची तारीख अजून ठरायची होती.

डॉक्टर नफीसा मुजावर अण्णांच्या समोर बसल्या. "काका, एक विनंती आहे. सांभाळून घेऊ नका. औषधाने काय बदललं ते कळायला आज काय आहे ते खरं कळावं लागतं. उत्तरांचा आणि चाचण्यांचा मेळ बसला नाही, तर मला यांना घेता येणार नाही."

अण्णांनी मान डोलावली.

"घरकामात काही चुका होतात?"

"न्हाई. स्वयंपाक एकदम फर्स्टक्लास."

"नावं, वस्तू विसरतात?"

"सगळं पाठ हाय तिचं." गाडी पुकारावी तसा अण्णांचा आवाज ठाम होता. "तिचं सगळं बरोबर असतंय."

डॉक्टरांनी हातातली पेन्सिल कागदावर आडवी ठेवली. आजचा दिवस गेला की दार बंद होणार होतं, आणि ते हा माणूस मायेपोटी बंद करत होता.

"अहो," अक्का म्हणाल्या, "मी दोनदा वाढते ते सांगा की."

अण्णा वळले. "तुला... तुला ठाऊक हाय?"

"सांगा त्यांना."

अण्णांनी सांगितलं. सुरुवातीला एकेक शब्द अडखळत आला, मग बांध फुटल्यासारखं सगळं येत गेलं. मिठाचं, गॅस चालू राहिल्याचं, बाजारातून येताना पाचव्या गल्लीत उभं राहून घर शोधल्याचं. अक्का प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होत्या, एखादी अण्णा विसरले तर आपणच भर घालत होत्या. डॉक्टर लिहून घेत होत्या. सानिकाचा जीव भांड्यात पडला.

"आणखी काही?"

अण्णांनी आपल्या चपलांकडे पाहिलं. "एक हाय," ते म्हणाले. "ते हिलाबी ठाऊक न्हाई."

अक्कांची मान हलायची थांबली.

"दिवाळीच्या आधीची गोष्ट. दुपारी मी बाहेरनं आलो. ही दारात उभी हुती. माझ्याकडं बघून म्हणाली, कोण पाहिजे तुम्हाला?"

अक्कांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं. आपण या बाईला इथे आणायलाच नको होतं, असं त्या क्षणी सानिकाला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. डॉक्टरांनीही मान वर केली नाही.

"मग तुम्ही काय म्हणाला?" अक्कांनी हळू आवाजात विचारलं.

"म्हटलं, लांबनं आलोय. जरा टेकू का?"

"मी काय केलं?"

"आत घेतलंस. खुर्ची दिलीस, पाणी दिलंस. मग चहा टाकलास. माझा चहा पिऊन होईस्तोवर तुला सगळं आठवलं. म्हणालीस, शर्ट घामेजलाय, बदला तो." अण्णांचा आवाज फुटला. "म्हणून मी न्हाई सांगितलं कधी."

अक्कांनी पदराने आधी स्वतःचे डोळे पुसले, नंतर अण्णांचे पुसले, आणि डॉक्टरांकडे वळून ताठ बसल्या.

"लिहा बाई," त्या म्हणाल्या. "नवऱ्याला ओळखलं न्हाई, असं लिहा. आणि न ओळखताबी चहा करून दिला, तेबी लिहा."